वाचक विचारतात : जिनच्या वर्गाला जाताना

प्रवासात अर्धा दिवस काढून डिस्टिलरीत जायचं, आपण निवडलेल्या घटकांची जिन काढायची आणि बाटलीवर स्वतःच्या हाताने नाव लिहून ती घेऊन यायची, अशा वर्गांबद्दल या वेळी बरीच पत्रं आहेत. काही नाव नोंदवण्याआधीची, तर काही बाटली घरी आणून उघडल्यानंतरची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही जाणार आहोत त्या शहरात ‘जिन बनवायला शिका’ असे तीन वर्ग दिसतात. एक तासाभराचा, एक दोन तासांचा, एक साडेतीन तासांचा. बाटली तिन्हीकडे मिळते. मग फरक कशात आहे?

उत्तर : बाटलीतला द्रव कुठून येतो, यात. तासाभराच्या वर्गात बहुधा तयार स्पिरिटमध्ये जुनिपर (जिनला तिचा मुख्य स्वाद देणारं झुडपाचं फळ) आणि मसाले भिजवतात, गाळतात आणि बाटली भरतात. ही कंपाउंड जिन. दोन तासांच्या वर्गात एकेका घटकाचा अर्क आधीच काढून ठेवलेला असतो; जुनिपरचा वेगळा, धण्याचा वेगळा, संत्र्याच्या सालीचा वेगळा. तुम्ही ड्रॉपरने किंवा मापाच्या नळकांड्याने ते एकत्र करता. तिसऱ्या प्रकारात तुमच्यासमोर लहान तांब्याचं भांडं तापतं आणि तुमचाच माल नळीतून थेंबाथेंबाने बाहेर येतो. याला वेळ लागतोच, तीन तासांच्या आत ते नीट होत नाही.

नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी विचारा. आमच्या बाटलीतली जिन त्याच दिवशी आमच्या भांड्यातून निघणार का? आणि भांडं किती जणांत एक? दोघांत एक असेल तर ठीक. सहा जणांत एक असेल तर तुम्ही पाहुणे, बनवणारा दुसराच. काही ठिकाणी अर्ध्या लिटरच्या भांड्यात दाट अर्क काढतात आणि त्यात न्यूट्रल स्पिरिट (स्वतःची चव-वास जवळजवळ नसलेलं शुद्ध अल्कोहोल) व पाणी घालून बाटली भरतात. यात फसवणूक नाही, मोठे कारखानेही असं करतात. पण आधी माहीत असलेलं बरं.

आमचं मत विचाराल तर अर्क मिसळण्याच्या वर्गाला कमी लेखू नका. नाक तयार व्हायला त्याच्याइतका चांगला वर्ग नाही. सुट्या अँजेलिकाचा (जिनमध्ये घालतात त्या एका मुळाचा) वास एकदा घेतला की नंतर कोणत्याही जिनमध्ये तो ओळखू येतो. भांड्यावरच्या वर्गात मात्र चूक दुरुस्त करता येत नाही, आणि गंमतही त्यातच आहे.

प्रश्न : भांड्यावरच्या वर्गात आपण दारू आंबवण्यापासून सुरुवात करतो का? आणि सुरुवातीला निघणारं मेथनॉल विषारी असतं म्हणतात, मग हौशी माणसांच्या हाती हे काम देणं धोक्याचं नाही का?

उत्तर : आंबवणं वर्गात होत नाही. धान्य किंवा उसाच्या मळीपासून काढलेलं न्यूट्रल स्पिरिट आणलेलं असतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार जिनसाठी ते किमान ९६ टक्के अल्कोहोलचं लागतं. इतक्या वर शुद्ध केलेल्या स्पिरिटमध्ये मेथनॉल नावापुरतंच उरतं. लंडन जिन या प्रकारासाठीच्या स्पिरिटला तर १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे ५ ग्रॅम अशी मर्यादा आहे. मेथनॉलची भीती खरी आहे, पण ती फळांच्या आंबवणापासून थेट काढलेल्या दारूत. जिनच्या वर्गातही पहिले १०-१५ मिली टाकून देतात, त्याचं कारण वेगळं. आधीच्या माणसाच्या घटकांचं तेल नळीच्या वेटोळ्यात चिकटून राहिलेलं असतं आणि ते पहिल्या धारेबरोबर धुऊन निघतं. शिवाय सर्वांत हलके, नाकात झोंबणारे वास याच भागात असतात.

खरा धोका आगीचा. म्हणून ९६ टक्क्यांचं स्पिरिट तसंच तापवत नाहीत, पाणी घालून ४० ते ५० टक्क्यांवर आणतात. याचा दुसरा फायदा असा, की अल्कोहोल निघून गेलं तरी भांड्यात पाणी उरतं, घटक कोरडे पडून करपत नाहीत. कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या भागाचं, थंड पाणी मध्येच बंद पडलं तर वाफ थंड न होता तशीच बाहेर येते, आणि ती पेट घेते. तुमच्या टेबलावरच्या कंडेन्सरला मधूनमधून हात लावून पाहा. वरचा भाग कोमट, खालचा गार हवा. खालचाही गरम लागला तर लगेच शिक्षकाला हाक मारा.

प्रश्न : प्रत्यक्ष काय काय होतं ते क्रमाने सांगाल का? तिथे गेल्यावर सगळं इतकं भराभर होतं की समजायच्या आत बाटली हातात येते, असं मैत्रीण म्हणाली.

उत्तर : दोन लिटरचं भांडं आणि त्यात ४० टक्क्यांचं एक लिटर स्पिरिट, असं धरू. भांडं अर्ध्या ते दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरत नाहीत. भरलं तर उकळताना फेस थेट नळीत चढतो आणि स्वच्छ अर्काऐवजी पिवळट पाणी बाहेर येतं.

घटक वजन करून, हलकेच चेचून भांड्यात घालतात. जुनिपर फक्त दाबून फोडायचं, धणे दोन भागांत फुटले की पुरे. खलबत्त्यात पूड करण्याचा मोह आवरा. पूड बुडाला बसते, लागते, आणि तो करपट वास सगळ्या बाटलीत उतरतो. मोठ्या डिस्टिलरीत घटक किती वेळ भिजवायचे हा ज्याचा त्याचा हिशेब असतो. बीफईटर या जिनच्या डिस्टिलरीत २४ तास भिजवतात. वर्गात तेवढा वेळ नसतो, म्हणून कोमट स्पिरिटमध्ये पंधरा-वीस मिनिटं मुरवून लगेच आच देतात. काही भांड्यांना वरच्या बाजूला जाळीची टोपली असते. नाजूक फुलं, ताजी पानं, काकडी यांची जागा ती. बॉम्बे सफायर या जिनसाठी तर सगळेच घटक टोपलीत ठेवून त्यांतून वाफ नेतात. पुदिना किंवा तुळस थेट उकळत्या द्रवात टाकली तर उकडलेल्या पालेभाजीचा वास येतो, ताज्या पानाचा नाही.

आच सुरू झाली की बऱ्याच जणांची समजूत असते की अल्कोहोल ७८ अंशांवर निघतं आणि पाणी १०० वर, म्हणजे दोन्ही आपोआप वेगळी होतात. तसं नसतं. हे मिश्रण साधारण ८४ अंशांवर उकळायला लागतं आणि अल्कोहोल कमी होत जाईल तसं तापमान ९० पर्यंत चढतं. वाफेत दोन्ही असतात, फक्त अल्कोहोलचा वाटा जास्त. म्हणून पहिली धार ८० टक्क्यांच्या आसपास असते आणि शेवटी ती ६५ पर्यंत उतरते.

आता नळीच्या टोकाकडे लक्ष द्या, कारण वर्गातला सर्वांत शिकण्यासारखा अर्धा तास हाच. सगळा अर्क एकाच भांड्यात गोळा करू देऊ नका. ५० मिलीचे सात-आठ पेले मागून घ्या, त्यांच्यावर आकडे घाला आणि एकेक भरला की पुढचा लावा. मग ओळीने वास घ्या. पहिल्या पेल्यात लिंबूवर्गीय साल आणि पाइनच्या झाडासारखं तीव्र जुनिपर. दुसऱ्या-तिसऱ्यात जुनिपर भरदार होतं, धण्याचा गोडसर लिंबाळ वास वर येतो. पाचव्यापाशी मातीचा, मुळांचा, सालींचा वास. आठव्यात कधीतरी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं, उकडलेल्या मुळासारखं काहीतरी जाणवेल. तिथे थांबायचं. सुरुवातीचं ते हेड्स, मधलं हार्ट, शेवटचं टेल्स. हार्ट कुठे तोडायचं हे अल्कोहोल मोजायचं मीटर सांगत नाही, नाकच सांगतं. शंका आली तर तो पेला बाजूला ठेवा, पाणी घालून चाखा आणि मग ठरवा. एकदा ओतलं की परत निघत नाही.

मिनिटाला साधारण ८-१० मिली निघाले पाहिजेत. घाईत आच वाढवली की जड, कडवट तेलं आधीच वर येतात आणि हार्ट-टेल्समधली सीमा पुसट होते. वर्ग उशिरा सुरू झाला की नेमकं हेच होतं. तेव्हा पुढच्या गाडीची किंवा विमानाची वेळ वर्गाला चिकटून ठेवू नका.

प्रश्न : टेबलावर तीस-चाळीस बरण्या मांडलेल्या असतात म्हणे. त्यांतून किती आणि काय घ्यायचं?

उत्तर : सहा-सात. सगळ्यांनाच पंधरा घ्यावेसे वाटतात. मंकी ४७ या जिनमध्ये ४७ घटक आहेत हे खरं, पण त्यामागे बरेच प्रयोग असतात. तुमच्याकडे एकच खेळी आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या ब्लॅक फ्रायर्स डिस्टिलरीत १७९३ पासून जिन निघते, तिच्यात घटक सातच.

जिनमध्ये सुगंधासाठी घालायच्या बिया, मुळं, साली, फुलं यांना बोटॅनिकल्स म्हणतात. ४० टक्क्यांच्या एका लिटरला सगळी मिळून २० ग्रॅम पुरतात, ३० च्या वर गेलात तर त्रास ठरलेला. हाताशी असावा असा एक हिशेब देतो : जुनिपर १२ ग्रॅम, धणे ५, अँजेलिकाचं मूळ १, लेमनची वाळलेली साल १, ऑरिस अर्धा ग्रॅम, कॅसिया (दालचिनीसारखी साल) ०.३ आणि वेलदोडा एक. हा पाया. यातलं एखादं काढून आपल्या आवडीचं एक घाला, फार तर दोन. ताजी साल घ्यायची असेल तर वजन तिप्पट-चौपट करा आणि आतला पांढरा भाग सोलून टाका.

जुनिपर निम्म्याच्या खाली नेऊ नका. जिनचा मुख्य स्वाद जुनिपरचाच हवा, हा कायद्याचाही भाग आहे. त्याला फळ म्हणतात खरं, पण ते झाडाचं लहानसं शंकूच असतं. ते पिकायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे एकाच झुडपावर हिरवी आणि निळी एकत्र दिसतात. बरणीतलं एक बोटांत चिरडा. चिकट लागलं आणि बोटाला वास राहिला तर माल चांगला. खडखडीत वाळून भुगा झाला तर १२ चे १५ ग्रॅम करा.

धणे ताजेपणा देतात, वजनाने दुसरा क्रमांक बहुधा त्यांचाच. अँजेलिका आणि ऑरिस हे मागे उभे राहणारे घटक. नुसते हुंगले तर फारसे आवडत नाहीत, म्हणून नवखे त्यांना टाळतात, आणि मग जिन पोकळ लागते. ऑरिस म्हणजे आयरिसच्या झाडाचं मूळ; ते खणल्यावर दोन-तीन वर्षं वाळवून ठेवावं लागतं, तेव्हा कुठे त्याला तो व्हायोलेटच्या फुलांसारखा वास येतो. पण अर्ध्या ग्रॅमचे दोन ग्रॅम केलेत तर बाटलीतून टाल्कम पावडर येईल.

लव्हेंडर, लवंग, चक्रीफूल : तिघांनाही लांबूनच नमस्कार, किंवा एक लवंग, चक्रीफुलाची एक पाकळी, चिमूटभर लव्हेंडर. याहून जास्त नको. लव्हेंडरची जिन साबणासारखी लागल्याची तक्रार प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली असते.

वास घेताना दहा बरण्यांनंतर नाक बधिर होतं. तेव्हा कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, नाक पुन्हा जागेवर येतं. आणि त्या दिवशी अत्तर लावून जाऊ नका. तुमचं नाक तर जातंच, शेजाऱ्याचंही.

प्रश्न : तिखट जिन करायची म्हणून मी तीन लाल मिरच्या आणि भरपूर काळी मिरी घातली. ज्येष्ठमधही घातलं. हाती आली ती जिन ना तिखट, ना गोड. शिक्षक नुसते हसले.

उत्तर : शिक्षकांनी आधी सांगायला हवं होतं. वाफेबरोबर जे उडतं तेच नळीतून येतं. मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिनचा, मिरीचा पायपरिनचा, ज्येष्ठमधाची गोडी ग्लायसिऱ्हायझिनची. यांतलं काहीच त्या तापमानाला उडत नाही. ते सगळं भांड्यात मागे राहतं. आला तो मिरचीचा हिरवट-फळासारखा वास आणि मिरीचा लाकडी सुगंध. कडूपणा, आंबटपणा आणि रंग यांचंही तसंच. म्हणून कोणत्याही रंगाचे घटक घाला, भांड्यातून निघणारी जिन पाण्यासारखीच.

तिखट हवीच असेल तर तयार जिनमध्ये मिरचीचा तुकडा टाकून दहा-पंधरा मिनिटांनी चाखा आणि वेळेत काढा. गोकर्णाची निळी जिन अशीच नंतर रंगवलेली असते. टॉनिक वॉटर (जिनमध्ये मिसळतात ते कडसर-गोड सोड्यासारखं पेय) पडलं की त्यातल्या आम्लामुळे ती जांभळी-गुलाबी होते. बाटली उन्हात राहिली तर मात्र रंग विटतो.

याच संदर्भात दुसऱ्या एका पत्रात विचारलं आहे, की लेबलवर ‘लंडन ड्राय’ लिहिलं तर चालेल का. लंडन हे इथे पद्धतीचं नाव आहे, गावाचं नाही. युरोपच्या नियमात त्याचा अर्थ असा, की सगळा स्वाद भांड्यातूनच आलेला असावा, निघणारा अर्क किमान ७० टक्क्यांचा असावा, नंतर रंग नाही, आणि गोडी लिटरमागे ०.१ ग्रॅमच्या वर नाही. मिरची नंतर बुडवलीत, गोकर्ण घातलंत, तर ती लंडन ड्राय राहत नाही. घरच्या बाटलीवर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : शेवटी पाणी घालताना शिक्षकाने फोनवर काहीतरी आकडेमोड केली. तो हिशेब काय असतो?

उत्तर : साधा आहे. हार्ट निघालं ३९० मिली आणि मीटरवर ७५ टक्के, असं समजा. ३९० गुणिले ७५ भागिले ४२ केलं की ६९६ येतात. म्हणजे ४२ टक्क्यांची जवळजवळ ७०० मिली जिन होणार. किती टक्के ठेवायची ते तुम्ही ठरवा; युरोपात जिन किमान ३७.५ आणि अमेरिकेत किमान ४० टक्के हवी.

गोम दोन ठिकाणी आहे. ६९६ मधून ३९० वजा करून ३०६ मिली पाणी घातलं तर जिन ६९६ पर्यंत पोहोचत नाही, कारण अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की एकूण आकारमान आक्रसतं. दहा-बारा मिली पाणी आणखी लागतं. म्हणून पाणी मोजून नाही, तर मिश्रण ठरलेल्या खुणेपर्यंत भरायचं. दुसरं, मीटर २० अंशांसाठी आखलेलं असतं. नळीतून निघालेला अर्क १० अंशांनी गरम असेल तर मीटर तीन-चार टक्के जास्त दाखवतं, आणि त्या आकड्यावर पाणी घातलं तर जिन ठरवल्यापेक्षा फिकी होते. पेला थंड पाण्यात धरून मगच मोजा.

पाणी खनिजमुक्त घ्यावं. जड पाण्यातल्या क्षारांमुळे काही आठवड्यांनी तळाशी पांढरी भुकटी बसते.

प्रश्न : पाणी घातल्यावर माझी जिन दुधाळ झाली. बाकीच्यांची स्वच्छ होती. बिघडली का?

उत्तर : नाही, प्यायला काही हरकत नाही. जुनिपर, धणे आणि लिंबूवर्गीय सालींची तेलं ७५ टक्के अल्कोहोलमध्ये विरघळून राहतात. अल्कोहोल उतरलं की त्यांना जागा पुरत नाही, ती बारीक थेंब होऊन बाहेर पडतात आणि प्रकाश विखुरतो. अर्थ एवढाच, की घटक जास्त झाले. बहुधा ताजी साल हात सैल सोडून घातली असणार किंवा चक्रीफूल असणार.

त्याच टेबलावर उपाय करता येतो. थोडं न्यूट्रल स्पिरिट घालून जिन ४५-४७ टक्क्यांवर न्या, बऱ्याचदा तिथे ती निवळते. वर्गात जादा स्पिरिट देत नसतील तर सुरुवातीलाच पाणी हळूहळू घाला आणि ढग दिसायला लागला की थांबा. बाटली थोडी कमी भरेल, पण जिन दमदार राहील. घरी आल्यावर फ्रीझरमध्ये ठेवून गढूळ झाली असेल तर कारण तेच. बाहेर काढल्यावर निवळते.

प्रश्न : बायकोला दिवस गेले आहेत. तिने नुसतं सोबत यावं का? आणि गाडी मलाच चालवायची आहे.

उत्तर : गरोदरपणात अल्कोहोलही नको आणि जुनिपरही नको. चव न घेता बसायचं तर हरकत नाही, पण गरम स्पिरिटच्या वासाने तीन तास मळमळत राहील का, हे तिलाच विचारा. गाडी चालवणाऱ्याने थुंकायचा पेला वापरला तरी थोडं पोटात जातंच. आपला वाटा लहान बाटलीत बांधून मागा, आणि त्या दिवशी गाडी नको. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर नोंदणीतच कळवा, कारण काही पाककृतींत बदाम असतात.

प्रश्न : बाटली विमानातून आणता येईल का?

उत्तर : हातातल्या सामानात नाही, बहुतेक विमानतळांवरच्या १०० मिलीच्या नियमात ती बसत नाही. चेक-इनच्या सामानात टाका. २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या बाटल्या एका प्रवाशाला एकूण ५ लिटरपर्यंत नेता येतात, पण विक्रीच्या बांधणीत आणि न उघडलेल्या. वर्गातली बाटली नेमकी इथे अडते. नुसतं बूच लावून हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली असेल तर तपासणीत प्रश्न येऊ शकतो. वर सील किंवा आक्रसणारी प्लॅस्टिकची टोपी, आणि लेबलवर अल्कोहोलचा टक्का व डिस्टिलरीचं नाव छापलेलं मागा. पावतीही जवळ ठेवा. वाटेत एक घोट घ्यायचा मोह झाला आणि सील फुटलं, तर तो नियम तुमच्या बाजूने राहत नाही.

उतरायच्या देशाची करमुक्त मर्यादा वेगळी असते. युरोपीय संघात बाहेरून येताना २२ टक्क्यांच्या वरच्या दारूला एक लिटर आहे. वाटेत विमान बदलून ड्यूटी फ्रीमधून आणखी बाटल्या घेणार असाल तर ही बाटलीही त्यात मोजा.

प्रश्न : वर्गात शिकल्यावर छोटं तांब्याचं भांडं ऑनलाइन मागवून घरी करायचा विचार आहे.

उत्तर : नको. परवान्याशिवाय घरी अशी दारू काढणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ पासून स्वतःपुरती काढायला मुभा दिली, पण तो अपवाद. भांडं विकायला आहे म्हणजे वापरायला परवानगी आहे, असं होत नाही.

घरी भिजवण्याची जिन करता येते, तिला आच लागत नाही. विकत आणलेली ४० टक्क्यांची साधी व्होडका ७०० मिली, १५ ग्रॅम जुनिपर, ४ ग्रॅम धणे, एक वेलदोडा. काचेच्या बरणीत अंधारात २४ तास. मग चाखा, पुरेसं वाटलं नाही तर आणखी २४. संत्र्याची बोटभर साल शेवटच्या सहा तासांतच घाला, जास्त राहिली तर कडवट होते. मलमलीतून आणि मग कॉफीच्या कागदातून गाळा. रंग पिवळट-तपकिरी येणार, तो काढता येत नाही. इथे वरच्या मिरचीच्या उत्तरातलं उलटं होतं : ज्येष्ठमधाची गोडी आणि मिरचीचा तिखटपणा या जिनमध्ये पुरेपूर उतरतो. तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध टाळावं, आणि मिरची घालताना हात आखडता ठेवावा.

प्रश्न : वर्गात चाखली तेव्हा जिन फार तिखट लागली. महिन्याभराने उघडली तर छान वाटली, पण टॉनिकमध्ये घातल्यावर काहीच कळेना. असं का?

उत्तर : ताज्या अर्कात पाणी घातलं की स्वाद काही दिवस विस्कटलेले राहतात. जुनिपर एकीकडे, साल दुसरीकडे. दोन आठवडे अंधारात उभी ठेवल्यावर ते एकमेकांत बसतात. त्यामुळे वर्गातल्या पहिल्या घोटावरून नाराज होऊ नका, आणि त्यावरून ‘अजून साल घालायला हवी होती’ असंही ठरवू नका.

टॉनिकचं म्हणाल तर क्विनाइनचा कडूपणा, साखर, बुडबुडे आणि बर्फ यांच्यापुढे गुलाब, कॅमोमाइल, काकडी असे नाजूक वास टिकत नाहीत. टिकतं ते जुनिपर, धणे आणि साल. वर्गात अर्क मिसळत असाल तर दोन पेल्यांत चाचणी घ्या : एका पेल्यात जिनमध्ये तितकंच पाणी, दुसऱ्यात एक भाग जिनला तीन भाग टॉनिक. दुसऱ्यातही तुमची जिन ओळखू आली तरच मिश्रण पक्कं करा. आता तयार असलेली बाटली टॉनिकमध्ये घालायचीच असेल तर तीनऐवजी दीड भाग टॉनिक घ्या, किंवा ती बर्फ आणि थोड्या पाण्यावर नुसतीच प्या.

आणि वजनांचा कागद जपून ठेवा. बऱ्याच डिस्टिलऱ्या तुमची पाककृती क्रमांक देऊन नोंदवतात आणि पुढे तीच बाटली मागवता येते. पण नोंदीत फक्त घटक आणि ग्रॅम असतात. हार्ट कुठे तोडलं, शेवटी किती टक्क्यांवर थांबलात आणि जुनिपर ओलसर होतं की वाळलेलं, हे तुम्हीच कागदाच्या मागे लिहून आणायचं.